बाई, तुमी दाबा

अंबादास कुठलंही बटण स्वतः दाबत नसे. पंख्याचं नाही, पाण्याच्या मोटारीचं नाही, स्वतःच्या घरातल्या दिव्याचंसुद्धा नाही. शाळेत पंधरा ऑगस्टला लाऊडस्पीकर लावायचा असला की वायरी तोच ओढायचा, जोडण्या तोच तपासायचा, आणि सगळं जागच्या जागी झालं की दोन पावलं मागं सरून हात पाठीशी बांधायचा. मग जो कुणी जवळ असेल त्याला म्हणायचा, "दाबा की." मी जवळ असले तर मलाच. "बाई, तुमी दाबा."

नव्या शिक्षकांना वाटायचं हा करंटला भितो. भीती कसली! उघड्या वायरीची टोकं तो दातांनी सोलायचा. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. "माझ्या हाताला गुण न्हाय," तो म्हणायचा, अगदी सरळपणे, एखाद्याने माझ्या डोळ्याला चष्मा आहे म्हणावं तसं. त्या हाताचा गुण कधी गेला, कसा गेला आणि कुणी घालवला हे शाळेत फक्त एका व्यक्तीला माहीत होतं, आणि ती व्यक्ती मी. ते मी आधीच सांगून टाकते. शेवटासाठी ठेवलं तर पुन्हा एकदा टाळीन, माझा मला भरवसा नाही.

अंबादास आमच्या शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई होता. उंच, काटकुळा, कानावर कायम पेन्सिलीचा तुकडा. सोलापूरच्या पूर्व भागातलं विणकराचं घर, घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील हातमागावर बसलेले, त्यामुळे गाठ मारायला तो लहानपणीच शिकला होता. तुटलेलं काहीही त्याच्या हातात दिलं की तो आधी खिशातून सुताचा तुकडा काढायचा. बादलीची कडी, नकाशाची काठी, हेडसरांच्या चष्म्याची काडी, सगळं त्याने बांधलेलं. प्रयोगशाळेतला हाडांचा सांगाडा तर निव्वळ त्याच्या गाठींवर उभा होता. मॅट्रिक झालेला, पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेला. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होती आणि जूनपासून ती अंबादासला द्यायची असं हेडसर सगळ्यांसमोर बोललेही होते. त्याला आम्ही सगळे अरेतुरे करायचो. मी तोंडावर 'अहो अंबादास' म्हणायचे, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

तर चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेला सरकारकडून एक संगणक आला. तेव्हा सोलापुरात संगणक पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. विलायती बनावटीची चपटी पेटी, त्यातच कीबोर्ड, वरच्या बाजूला लाल कळांची एक ओळ, जोडीला टीव्ही आणि कॅसेटचा टेपरेकॉर्डर. एका खोलीला पडदे लागले, खाली सतरंजी आली, 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लागली. हेडसरांनी उद्घाटनाचा घाट घातला. ओळखीच्या एका इंजिनियरने कॅसेटवर छोटासा प्रोग्रॅम भरून दिला होता. संगणक सुरू करून कॅसेट लावली की टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत सुस्वागतम उमटायचं होतं.

पूजा माझ्याकडे होती. मी शाळेत नवी, नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि भटाघरची म्हणून मला पूजेचं सगळं येत असणार असं हेडसरांनी धरूनच चाललेलं. उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्यांनी नारळ फोडला. मी लाल कळांना हळदीकुंकू लावलं, पेटीवर अक्षता टाकल्या, नारळाचं पाणी फुलाने शिंपडलं. तिथं थांबायला हवं होतं. पण फोटोवाला म्हणाला, "बाई, हललं, परत एकदा," आणि मी घाईत त्या पाण्याची वाटीच कलंडवली. पेटीच्या मागच्या अंगाला हवा खेळायला फटी होत्या. पाणी त्या फटींतून आत गेलं. ते जाताना मी पाहिलं.

अंबादास तेव्हा बाहेर खुर्च्या मांडत होता. भाषण झालं, बटण दाबायची वेळ आली, तेव्हा पाहुणे हसत म्हणाले, "आधी तुमच्यातलं कुणीतरी दाबा, मला करंटबिरंट बसायचा." हेडसरांनी हाक मारली, "अंबादास, चालू कर रे." तो हात पुसत आला, चपला बाहेर काढल्या, पेटीला नमस्कार केला आणि मागचं बटण दाबलं. फाट्‌दिशी आवाज झाला. डाव्या बाजूने धूर निघाला, जळक्या रबराचा वास खोलीभर झाला, पाहुणे खुर्चीसकट मागं सरले आणि त्यांच्या नव्या सफारीवर चहा सांडला.

"काय केलंस?" हेडसर ओरडले.

अंबादास स्वतःच्या हाताकडे बघत होता. "बटण दाबलं, सर," तो म्हणाला. "निस्तं बटण दाबलं."

क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते हे मी त्याच आठवड्यात आठवीला शिकवलं होतं, फळ्यावर आकृती काढून. मला जागच्या जागी सगळं उमगलं. मी हातातली वाटी पदराआड धरली. त्याच्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणामुळे शासकीय वस्तूचे नुकसान' असा शेरा पडला. सहायकाची जागा बाहेरच्या एका मुलाला गेली. जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली आणि मी घरी पेढे नेले.

तो संगणक मग नुसता उभा राहिला. दुरुस्तीला मुंबईला पाठवायचा म्हणून पत्रव्यवहार झाला, तो फायलीत राहिला. शिवणाच्या बाईंनी मुलींकडून त्याला फुलाफुलांचं झाकण शिवून घेतलं. दर शनिवारी अंबादास चपला बाहेर काढून आत जायचा, झाकण काढायचा, फडक्याने पेटी पुसायचा, झाकण घालायचा. खोलीत बिघडायला काही उरलेलं नसताना चपला का काढायच्या, असं एकदा मी त्याला विचारलं होतं. "पाटी हाय की बाई," तो म्हणाला.

शिक्षकांच्या खोलीत त्याची चेष्टा चाले. नवा पंखा आला की कुणीतरी म्हणायचं, "अंबादासला लांब ठेवा रे." परीक्षेच्या दिवसांत वीज गेली की, "अंबादास, कशाला हात लावलास?" तोही हसायचा. चेष्टा करणाऱ्यांत त्याचा स्वतःचाच नंबर पहिला. पण हळूहळू ते त्याच्या अंगात भिनलं. माझ्या डोळ्यांदेखत भिनलं. आधी तो शाळेतली बटणं दाबेनासा झाला, मग घरातली. विज्ञान प्रदर्शनात मुलांना रेडिओ तो करून द्यायचा आणि तो लावायच्या वेळी व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा. आत आवाज आला की खिडकीतून डोकवायचा.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदाच केला. हेडसर निवृत्त झाले त्या दिवशी, आता ते कुणाला काय करणार, असा हिशेब मांडून मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांच्या खांद्यावर शाल होती आणि हातात सत्काराचा नारळ. तो नारळ मला दिसला. "सर, तब्येत सांभाळा," एवढं बोलून मी बाहेर आले. पुढं दोनच वर्षांत ते गेले.

मध्ये खूप वर्षं गेली. शाळेत नवे संगणक आले, त्यांना ती खोली हवी झाली, आणि जुना संगणक रद्दबातल ठरून भंगारात निघाला. अंबादासने नव्या मुख्याध्यापिकेकडे अर्ज केला की भंगारवाल्याला देण्यापेक्षा मला द्या. तिला काय, अडगळ गेली. जुन्या चादरीत गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला सुतळीने आवळून त्याने ती पेटी घरी नेली. टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुसऱ्या खेपेला. सोमवारी मी विचारलं, "उघडली का पेटी?"

"उघडली."

"काय निघालं आत?"

"लई धूळ, बाई," तो म्हणाला आणि परीक्षानळ्या विसळायला लागला.

त्याचं घर साखर पेठेच्या मागं, एका बोळात. पुढच्या खोलीत वडिलांच्या हातमागाचा खड्डा होता. असा माग जमिनीलगत असतो, विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि पायाने पावड्या चालवतो. माग केव्हाच विकला गेला, खड्डा राहिला. बुजवून फरशी घाला म्हणून लोक सांगत. अंबादासने तसं काही केलं नाही. मागाच्या जागी त्याने पाट मांडला, पाटावर संगणक ठेवला, आणि वडील बसायचे तसाच काठावर पाय सोडून बसू लागला. खड्ड्यात खाली सुटे भाग ठेवलेले असत, बिस्किटांच्या आणि चहाच्या डब्यांत.

पहिल्यांदा त्याने मला घरी बोलावलं ते बटण दाबायला. पेटीतला जळलेला वीजपुरवठ्याचा भाग त्याने नव्याने बांधला होता, होटगीला रेल्वेत असलेल्या साडूने दिलेल्या, तारांना डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नच्या जोरावर. लक्ष्मीने, म्हणजे त्याच्या बायकोने, चहा केला. अंबादास खड्ड्याच्या काठावरून उठला, दोन पावलं मागं सरला, हात पाठीशी बांधले.

"बाई, तुमी दाबा."

मी पेटीमागे हात घातला. बटण दाबलं. धूर नाही, आवाज नाही, काहीच नाही. "आत अजून बरंच काय काय गेलंय," तो शांतपणे म्हणाला. "करू सावकाश."

ते सावकाश म्हणजे दीड वर्ष. स्मृतीच्या चिपा गेलेल्या, त्या मिळत नव्हत्या, म्हणून त्याने दुसऱ्या जातीच्या चिपा घेऊन त्यांना बसवणारा वेगळा बोर्ड हाताने केला. प्रत्येक तार स्वतंत्र, सगळ्या एका मापाने ताणलेल्या, आणि दर बोटभर अंतरावर सुताची गाठ. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावतात तसा तो बोर्ड दिसायचा. मला बोलावणं यायचं, मी जायचे, दाबायचे, काही व्हायचं नाही. आणि मग एका रविवारी मी दाबलं आणि पेटीतून आधी एक जाड आणि लगेच एक बारीक, असा दोन सुरांचा आवाज आला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. लक्ष्मीने माझ्या हातावर साखर ठेवली. गंमत म्हणजे अंबादास पडद्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. दर वेळी तो तसाच बघायचा. मला वाटायचं, यंत्राचं काय झालं ते त्याला माझ्या तोंडावरून कळून घ्यायचं असेल.

निवृत्तीनंतर तो पुरता यातच बुडाला. जगात ठिकठिकाणी त्याच्यासारखे लोक आहेत हे त्याला पुतण्याच्या मोबाइलवर कळलं. कुठल्या कुठल्या देशांतली रिकामटेकडी म्हातारी माणसं, कंपनीने कधीच सोडून दिलेल्या या पेट्यांसाठी नवे भाग घडवतात, एकमेकांना जोडण्यांचे नकाशे पाठवतात, अडलं तर विचारतात. अंबादासचं इंग्रजी यथातथाच. मग त्याचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. तो सांगायचा, मी लिहायचे. विलायतेतल्या डेव्हिड नावाच्या गृहस्थाशी त्याचं विशेष जमलं. त्याला हा देवीदासभाऊ म्हणायचा. "देवीदासभाऊंना इचारा, त्यांच्याकडं पाऊस हाय का." मी कपाळाला हात लावून तेही लिहायचे.

एकदा या देवीदासभाऊंनी सविस्तर पत्र लिहिलं. तुमचा संगणक पहिल्याच दिवशी जळला हे मला चमत्कारिक वाटतं, असं त्यात होतं. या पेट्यांतला एक भाग जुना झाला की फुटतो आणि धूर येतो, पण त्याला वर्षं जावी लागतात. कोरी पेटी अशी जळायची नाही. आत काही सांडलं होतं का? पाणी वगैरे?

ते मी मराठीत वाचून दाखवलं. सगळं दाखवलं, गाळलं नाही, एवढं तरी म्हणू दे मला. खोलीत पंखा फिरत होता. लक्ष्मी उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. अंबादास माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण लक्ष्मीची एक विडी पुरी झाली. मी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"लिवा बाई," शेवटी तोच म्हणाला. "लिवा, माहीत न्हाय."

मी लिहिलं. आणि खरं सांगते, घरी जाताना मला हलकं वाटत होतं. सुटले, असं वाटत होतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं त्याला सगळेच विचारायचे. पुतण्या म्हणायचा, काका, या पेटीपेक्षा माझ्या मोबाइलचा चार्जर हुशार आहे. अंबादासचं उत्तर ठरलेलं. "तिचं उद्घाटन ऱ्हायलंय." आम्ही हसायचो. तो मात्र मनापासून बोलत होता. उद्घाटनाची ती कॅसेट त्याने जपून ठेवली होती, पण तिची फीत बुरशीने खाल्लेली. कॅसेट चालेना म्हटल्यावर त्याने नवाच बोर्ड करायला घेतला. कॅसेटच्या जागी मोबाइलमध्ये असतं तसलं नखाएवढं कार्ड बसवायचं आणि जुन्या पेटीला कळू द्यायचं नाही की ही कॅसेट नव्हे. त्या पेटीला मराठी येत नव्हतं. तेही त्याने शिकवलं. आठ चौकोन उभे, आठ आडवे, असा एकेका अक्षराचा नकाशा तो आलेखाच्या कागदावर भरायचा, चादरीवरची नक्षी कागदावर काढतात तसा. 'स्वा' त्याला आठवडाभर पुरला.

या कार्डाच्या बोर्डाचं कळल्यावर देवीदासभाऊंनी आणि इतर दोघातिघांनी तो मागवला. अंबादासने करून पाठवले. वाटेत फुटू नयेत म्हणून प्रत्येक बोर्ड टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेला, भावाच्या मागावरचं उरलेलं कापड. तिकडून उत्तर आलं की बोर्ड उत्तम चालतो आणि टॉवेल त्याहून उत्तम. हे वाचून दाखवलं तेव्हा तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. "बगा, टॉवेल पास झाला!" त्याच्या हाताने केलेले बोर्ड तिथं रोज कुणी कुणी चालू करत होतं आणि जळत नव्हतं. तरी इथं बटण दाबायला त्याला मीच लागायचे. मी एकदा म्हटलंही, "अहो, आता तरी दाबा स्वतः. कशाला मला बोळात बोलावता?" तो म्हणाला, "असू द्या की बाई. तुमी येता तेवढंच."

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यात बघायला गेले तर उजव्या हाताकडे डोळ्यांनी खूण करून म्हणाला, "गेला एकदाचा बिनगुणाचा." बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. त्याच्या स्वतःच्या पेटीतल्या बोर्डाचं शेवटचं काम मात्र राहिलं होतं. घरी आल्यावर ते लक्ष्मीने केलं. जन्मभर विड्या वळलेली तिची बोटं, बारीक कामाला सरावलेली. हा शेजारी बसून तेलुगूत सांगायचा, ती तार पकडून सोल्डर द्यायची. हे सगळं मला फोनवर कळत होतं.

त्याच सुमाराला शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. विषय, 'शाळेतला पहिला संगणक'. मी लिहिणार आहे हे मीच अंबादासला फोनवर सांगितलं. मग तो म्हणाला, "लिवा बाई. चांगलं लिवा."

मी चांगलंच लिहिलं. हेडसरांची दूरदृष्टी, पाहुण्यांचं भाषण, सतरंजी, पडदे. 'काही तांत्रिक कारणामुळे त्या दिवशी संगणक सुरू होऊ शकला नाही' हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि पुढच्या परिच्छेदावर गेले. अंबादासचं नाव शेवटी आलं, तेही नाव नव्हेच, 'सर्व शिपाई बंधू' एवढंच. स्मरणिका घरपोच आली. स्वतःचा लेख छापलेला वाचला आणि मला स्वतःची किळस आली. तशीच उठले, रिक्षा केली, साखर पेठेत गेले. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. त्यानंतर तीन आठवड्यांनी अंबादास वारला, म्हणजे आमची ती शेवटची भेट.

बोळात शिरले तर सकाळचे अकरा वाजत होते. दाराशी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि थबकले. पडदा उजळलेला होता. काळ्यावर पांढऱ्या चौकोनांची ठसठशीत अक्षरं: सुस्वागतम. इतक्या वर्षांत त्या घरात मी आले आणि यंत्र आधीच चालू आहे, असं कधी झालं नव्हतं.

अंबादास खड्ड्याच्या काठावर उशीला टेकून बसला होता. "या बाई," तो म्हणाला. "दाबलं मी. सकाळीच."

"स्वतः?"

"डाव्या हातानं."

त्याच्या शेजारी स्मरणिका होती, माझ्या लेखावर उघडलेली, पान उडू नये म्हणून वर कात्री ठेवलेली. माझं लक्ष गेलेलं त्याने पाहिलं. "वाचलं. लक्ष्मीला बी वाचून दाखवलं," तो म्हणाला. एकेक शब्द तो सावकाश काढत होता. "तुमी लिवनार कळलं तवा वाटलं, आता येईल. मग न्हाय आलं. म्हटलं, आता कशाला थांबायचं."

त्याने लक्ष्मीला खूण केली. तिने फळीवरून बामाची एक रिकामी डबी आणून माझ्या हातात दिली. मी झाकण फिरवून उघडली. आत पाचसहा तांदळाचे दाणे होते. जळून काळे पडलेले, पण एकदोन दाण्यांच्या कडेला कुंकवाचा लाल अजून दिसत होता.

"पेटी उघडली त्याच दिवशी अक्षता घावल्या," तो म्हणाला. "तळाला चिकटून बसल्या होत्या. पान्याचा डाग बी होता."

मग मी सांगितलं. नारळ, फोटोवाला, वाटी, फटी, पदर, सगळं. चाळीस वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी रडत होते, पण त्या रडण्याला काही अर्थ नव्हता. लक्ष्मी उठली आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली. चहा आला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं, तर विचारलं का नाही मला?" मी म्हटलं. "देवीदासभाऊंचं पत्र आलं तेव्हा तरी?"

"इचारून काय? इचारल्यावर कुनी बी सांगतंय." तो थांबला, दम घेतला. "तुमी आपनहून सांगाल म्हनून तर बोलवायचो की. दर खेपेला. न्हाय तर बटन दाबायला काय, घरात लक्ष्मी हाय."

"आणि ते हाताला गुण नाही म्हणायचात ते?"

"आधी वाटायचं तसं. तांदूळ बगितल्यावर न्हाय वाटलं."

म्हणजे पेटी घरी आल्यापासून तो केव्हाही ते बटण दाबू शकत होता. एवढी वर्षं हात पाठीशी बांधून तो यंत्राची वाट बघत नव्हता, माझी बघत होता. मी माफी मागितली. त्याने मान हलवली नाही, होही म्हणाला नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, "हेडसर पायजे होते हितं, बाई. त्यांच्या म्होरं..." आणि पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं.

हेडसर नाहीत. अंबादासही नाही. सेवापुस्तकातला शेरा आहे तिथंच आहे, शाळेच्या कुठल्या तरी कपाटात. म्हणून हे सगळं त्याच्या नावानिशी लिहिते आहे, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. डबी माझ्याकडे आहे. परत द्यायला गेले तर लक्ष्मीने ती घेतली नाही.

त्या दिवशी निघायला उठले तेव्हा त्याने हाक मारली. "बाई, जाताना बंद करून जा. बटन मागं हाय."

"मी?"

"तुमीच. चालू मी केलंय."

मी वाकून पेटीमागे हात घातला. बोटांना आधी त्या फटी लागल्या, गरम. मग बटण लागलं. दाबलं. सुस्वागतम गेलं आणि पडदा काळा झाला. दाराशी चपला घालताना मी मागं वळून पाहिलं. अंबादास तसाच काठावर पाय खड्ड्यात सोडून बसला होता, आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवत होता.